राख गार होईपर्यंत

खाचर परत मागायला थोरले मालक स्वतः आले, याचंच गावाला केवढं अप्रूप वाटलं. या कुरोइवा जमीनदारांचं पाऊल कुळाच्या अंगणात पडायचं ते मयताला, नाहीतर खंड मोजून घ्यायला. त्या दिवशी ते योनेच्या ओट्यावर टेकले, तिच्या हातचा चहा प्याले, मुळ्याचं लोणचं छान मुरलंय म्हणाले, आणि पेला खाली ठेवता ठेवता बोलले, "योने, नदीकाठचं खाचर यंदापासून मी घरीच कसीन म्हणतो."

योने दारात गुडघ्यांवर बसली होती. तिने मान वर केली नाही, पण विचारलं, "का, मालक?"

कुळानं 'का' विचारण्याची पद्धत आमच्या त्सुकिझावात नव्हती. मालकांनी ठेवलेला पेला पुन्हा उचलला.

"ते खाचर मी इसामुला दिलं होतं. तुझ्या नवऱ्याला. तो राहिला नाही. आता तू बाईमाणूस, घरात म्हातारी. कशाला ओढाताण?"

"इसामु गेल्यापासून तिथे चार लावण्या झाल्या," योने म्हणाली. "त्या काय त्याच्या भुतानं केल्या?"

आत म्हातारी काने, योनेची सासू, रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालत होती. ती खोकली. हसू दाबायचं असलं की ती खोकायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मालकांनाही.

मालकांची घाई का, हे लहान पोरालाही कळत होतं. लढाई हरून दोन वर्षं होत आली होती. राजधानीत अमेरिकन लष्कर बसलं होतं आणि त्यांच्या हुकमानं कायदा निघाला होता, की जो कसेल त्याची जमीन. गावोगाव समित्या निवडल्या होत्या. लावणी आटोपली की समिती बांधाबांधावरून फिरणार, कोणतं खाचर कोण कसतं ते बघणार आणि त्याप्रमाणे मालकी ठरवणार. तोवर जितकी खाचरं 'घरी' आणता येतील तितकी आणायची, असा जमीनदारांचा बेत. बाकीच्या कुळांनी कमरेत वाकून एकेक तुकडा सोडला होता. "मालकांचं मीठ खाल्लंय," म्हणायचे, आणि घरी जाऊन बायकोवर ओरडायचे.

"अमेरिकन आज आहेत, उद्या जातील," उठताना मालक म्हणाले. "मी इथेच आहे, योने. आणि तुलाही इथेच राहायचंय."

"राहायचंय म्हणूनच देत नाही," योने म्हणाली.

इसामुला निरोप द्यायला सारा गाव स्टेशनवर गेला होता, तो दिवस तिला लख्ख आठवत होता. बायका पांढरे एप्रन घालून, खांद्यावरून पट्टे बांधून रांगेत उभ्या. हातात कागदी झेंडे. मालक एका खोक्यावर चढले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "इसामु, घराची काळजी करू नकोस. तुझं खाचर म्हणजे गावाचं खाचर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. योनेनेही वाजवल्या. वेडी होती. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी आली. ती तिने मांडीवर घेतली तेव्हा आत काहीतरी घरंगळलं. उघडली तर वाळू. कुठली वाळू, ती तरी ब्रह्मदेशाची होती की जवळच्या बंदरावरची, देव जाणे.

मालक येऊन गेले त्याच आठवड्यात हेइसुके आला. आमच्या वाडीचा म्होरक्या आणि गावाचा पाटकरीही तोच. कोणाच्या खाचराला पाणी कधी सोडायचं, ते त्याच्या हातात. स्वतः कुरोइवांचं कूळ, पण कुळांच्या वतीनं समितीवर निवडून आलेला. माणूस वाईट नव्हता. वाकायची सवय इतकी होती की ताठ उभं राहिलं तर त्याची पाठ दुखत असावी.

तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि तुतीच्या झाडाकडे बघत म्हणाला, "वाडीची बैठक झाली. आजपासून हे घर वाळीत. लग्नकार्य, आजारपण, घरबांधणी, सावड, पाटाचं पाणी, सगळं बंद. कुणी तुमच्याशी बोलणार नाही, तुम्ही कुणाशी बोलायचं नाही. रिवाजाप्रमाणे दहातल्या आठ गोष्टी तोडल्या. दोन ठेवल्यात. मयत आणि आग."

"केवढं हे औदार्य!" काने आतून ओरडली. "अरे, मयत सडलं तर वास गावाला येतो आणि आग पसरली तर छपरं गावाची जळतात, म्हणून ठेवल्यात त्या दोन. आमच्यावर उपकार नाहीत! तुझा जन्म झाला तेव्हा नाळ मी कापली रे, हेइसुके. तुतीशी काय बोलतोस?"

हेइसुकेचे कान लाल झाले. "काकू, मी फक्त सांगायला आलोय."

"मग सांगून झालं. जा. आणि हो, आता तू आमच्याशी बोललास, तुलाच वाळीत टाकतील बघ."

हसण्यासारखं एवढंच झालं. पुढचे दिवस कोरडे गेले. त्या वर्षी जूनचा पाऊस लांबला, आणि सगळं गाव पाटाच्या पाण्यावर टेकलं होतं. पाट वरून कुरोइवांच्या मोठ्या खाचरांना भिजवत यायचा, मग फुसाच्या घरामागून वळून योनेच्या खाचराकडे जायचा. त्या वळणावर लाकडी फळीचं दार होतं. हेइसुकेनं ते घट्ट बसवून वर दगड ठेवले. पलीकडे पाट कोरडा ठणठणीत. तळाशी बेडकं वाळून चामड्यासारखी झाली.

योनेने घरामागे तरवा केला होता. विहिरीचं पाणी खांद्यावरून आणून ती रोपं जगवत होती. पण खाचरात चिखल झाल्याशिवाय लावणी कशी होणार? रोपं वीतभर झाली, मग त्यांची टोकं पिवळी पडू लागली.

फुसा तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या. फुसाला योनेशी बोलायची बंदी होती. शेळीशी बोलायला नव्हती. ती कुंपणापाशी शेळीची धार काढायला बसायची आणि मोठमोठ्यानं बोलायची.

"ऐकलंस का गं, शेळे? समिती पुढच्या आठवड्यात येतेय म्हणे. ज्या खाचरात रोप उभं नसेल ते पडीक धरणार, आणि पडीक ते मालकांचं. हेइसुकेच्या बायकोनं सांगितलं. तू काय टुकूटुकू बघतेस? पाला खा."

योने कुंपणाच्या अलीकडे भांडी घासत असायची. तीही आपल्या काळ्या पातेल्याला म्हणायची, "कळलं बरं, बाई."

त्या संध्याकाळी जेवताना काने म्हणाली, "मी मरते."

"आई, मिसोचं पाणी गरम आहे, आधी प्या."

"थट्टा नाही करत. दोन गोष्टी चालू आहेत ना? मयताला यावंच लागेल सगळ्यांना. ऐन लावणीत मेले तर मालकांची लावणी बंद पडेल. चिखलातून उठून माझा खड्डा खणायला येतील मेले. मला तेवढंच समाधान."

"आणि खाचरात पाणी कोण आणणार? तुम्ही?" योने म्हणाली. "खड्डा खणायला पाणी लागत नाही, आई."

बोलून गेली आणि तिचा हात वाटीवर तसाच थांबला. कानेनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे अधू होते, पण सुनेचं तोंड तिला अंधारातही वाचता यायचं.

"खड्ड्याला नाही लागत," काने हळूच म्हणाली.

खाचराच्या कडेला, फुसाच्या घराकडच्या बांधावर, इसामुची झोपडी होती. गवताचं छप्पर, पेंढा, अवजारं. तिच्या बाजूला भाताच्या तुसाचा डोंगर. इसामुनं लढाईवर जायच्या आधी ते छप्पर स्वतः शाकारलं होतं. योने रात्री डोळे मिटून पडली तेव्हा तिला छपराची प्रत्येक गाठ दिसत होती. सकाळी तिने अवजारं बाहेर काढली, कुदळ, दाताळं, खुरपी. एवढंच वाचवलं. मग पाटाकडून खाचरात पाणी येतं तिथला बांध फोडून तिने वाट मोकळी केली.

त्या दिवशी सगळा गाव मालकांच्या मोठ्या खाचरात सावडीनं लावणीला उतरला होता. बायका ओळीत वाकलेल्या, पुरुष दोरी धरून, आणि मालक छत्री घेऊन बांधावर. वारा पडला होता. योनेने झोपडीच्या मागच्या बाजूला काडी लावली.

गावाची पितळी घंटा लढाईत तोफांसाठी दिली होती, तेव्हापासून आगीची खबर द्यायला चावडीपुढे लाकडी फळी टांगलेली असायची. कमरेत वाकलेली काने काठी टेकत तिथवर गेली आणि त्याच काठीनं फळी बडवू लागली. "आग! धावा! वाळीत टाकलेल्यांकडे आग लागली हो! दोनातली एक लागली!"

चिखलानं माखलेले लोक धावत आले. रिवाज म्हणजे रिवाज. आगीला कोणी थांबून विचार करत नाही. बादल्या आल्या, हातपंप आला. झोपडी धडधडत होती, ठिणग्या फुसाच्या छपराच्या दिशेनं उडत होत्या. हातपंपाची नळी कोणीतरी पाटात टाकली. पाटात धूळ.

सगळ्यांच्या माना हेइसुकेकडे वळल्या. हेइसुकेची मान मालकांकडे वळली. मालक छत्री मिटून धापा टाकत येत होते.

"विहिरीवरून आणा!" ते म्हणाले.

"विहीर कुठे, आग कुठे!" फुसा किंचाळली. "हेइसुके, दार उघड! माझं छप्पर पेटलं ना, तर तुझ्या छपराला मी माझ्या हातानं काडी लावीन, सांगून ठेवते!"

हेइसुके जागचा हलेना. मग त्याची बायकोच धावत वळणावर गेली, दगड लाथेनं ढकलले आणि फळी उपसून बांधावर फेकली. पाणी आधी घुटमळलं, मग धूळ आणि मेलेली बेडकं लोटत आलं. नळीत शिरलं. बादल्या भरल्या. दुपारपर्यंत झोपडीच्या जागी काळ्या वाशांचा सापळा उरला, आणि फुसाचं छप्पर वाचलं.

कोणाचं लक्ष नव्हतं, तोवर उरलेलं पाणी फोडलेल्या बांधातून खाचरात पसरत गेलं होतं.

आगीनंतरचा आमच्याकडचा नियम असा, की राख गार होईपर्यंत पाटाचं दार लावायचं नाही. कधीकाळी दार लवकर लावल्यामुळे आग पुन्हा भडकून अर्धी वाडी गेली होती, तेव्हापासूनचा नियम. तो मोडायची छाती मालकांचीही नव्हती.

संध्याकाळी हेइसुके फळी घेऊन आला. काने राखेपाशी गोणपाटावर बसली होती, हातात चिमटा.

"काकू, राख गार झाली असेल."

"घाल की हात," काने म्हणाली.

त्यानं वाकून हात नेला आणि झटक्यानं मागे घेतला. तुसाचा डोंगर आतून धुमसत होता. तूस एकदा पेटलं की ज्वाळा दाखवत नाही. आतल्या आत दिवसेंदिवस जळत राहतं. वरून काळं, आत लाल. आणि काळं पडू लागलं की काने चिमट्यानं उकरून नवं तूस आत सारत होती, म्हाताऱ्या बायका कणगीतल्या दाण्यांना ऊन देतात तितक्या मायेनं.

"तुम्ही तूस घालताय," हेइसुके म्हणाला.

"मी? मी आग विझवतेय. म्हातारीला चिमटा नीट धरता येत नाही, काय करू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. पुन्हा हात पोळला. दुपारी आलाच नाही.

योने चिखलणी करत होती. बैल नव्हता, तेव्हा दाताळं कमरेला बांधून तीच ओढत होती. माती पाणी पिऊन मऊ झाली, पोटऱ्यांना लोण्यासारखी लागू लागली. मग तिने तरव्यातून रोपांच्या जुड्या आणल्या आणि लावणीला वाकली. एकटीनं लावणी म्हणजे समुद्र चमच्यानं उपसणं. ओळ संपवून मागे पाहिलं की खाचर होतं तेवढंच.

तिसऱ्या दिवशी फुसा बांधावर आली. "शेळी दिसली का कुणाला?" ती आकाशाकडे बघून म्हणाली. शेळी तिच्या अंगणात दाव्याला बांधलेली, बें बें करत होती. सगळ्या वाडीला ऐकू येत होतं. "कुठे गेली बया! खाचरात शिरली की काय!" म्हणून तिने काष्टा मारला आणि सरळ चिखलात उतरली. "शेळे, अगं शेळे," म्हणत दिवस मावळेपर्यंत तिने रोपं लावली. योनेकडे एकदाही पाहिलं नाही. योने फक्त तिच्या मागे जुड्या टाकत गेली.

त्याच दुपारी थोरले मालक आले. बांधावर उभे राहिले. योने वाकलेलीच होती. तिने पाठ सरळ केली नाही, नमस्कारही केला नाही. चिखलात लावणी करणाऱ्या बाईनं नमस्कार करायचा नसतो, हाही आमचा रिवाज, पण तो मालकांपुढे कोणी वापरला नव्हता.

"आग तू लावलीस," मालक म्हणाले.

"हो. मी लावली."

नकार ऐकायची त्यांची तयारी होती; होकारानं ते गडबडले. "लाज नाही वाटत? गावाला फसवलंस. इसामु असता तर त्याची मान खाली गेली असती. गावासाठी, देशासाठी मेला तो, आणि त्याची बायको..."

आता योने उभी राहिली. हातातल्या रोपांतून चिखल ओघळत होता.

"मालक, त्याचं नाव तुमच्या तोंडी नको. तुम्ही खोक्यावर चढून सांगितलंत, तुझं खाचर ते गावाचं खाचर. त्यानं ऐकलं आणि गेला. पेटीतून वाळू आली माझ्याकडे. वाळू! ती मी पुरली, वर दगड मांडला, रोज पाणी घालते. गावानं मला वाळू दिली ती मी घेतली. आता खाचर मागता? खाचर मिळणार नाही. आणि झोपडी माझ्या माणसानं शाकारलेली होती. ती जाळताना मला काय झालं, ते तुम्ही विचारायचं कारण नाही."

फुसा शेळीला हाका मारायची थांबली. मालकांच्या हातातली छत्री बांधाच्या मातीत रुतली होती, ती त्यांनी ओढून काढली आणि ते गेले.

समिती आली तेव्हा खाचर हिरवं झालं होतं. रोपं अजून विरळ, ओळी काही ठिकाणी वाकड्या, कारण संध्याकाळी अंधारात लावलेल्या. पण उभी होती. समितीत मालकांच्या बाजूची माणसं पुढे, कुळांची मागे. एकाकडे लाकडी खुंट्यांची मोळी होती. प्रत्येक खाचराच्या बांधावर कसणाऱ्याचं नाव लिहून खुंटी ठोकायची, असं ठरलेलं. लिहिणारा हेइसुके, त्याचं अक्षर चांगलं.

"हे खाचर वादाचं आहे," मालकांचा पुतण्या म्हणाला. "कूळ इसामु होता. इसामु वारला. त्यानंतर करार नाही. आणि इथली लावणी लबाडीच्या पाण्यावर झालीय."

"पाणी लबाड असतं का रे?" काने बांधावरून म्हणाली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

कुळांची माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. योने त्यांच्याकडे नाही, फक्त हेइसुकेकडे बघत होती.

"हेइसुके," ती म्हणाली, "तू पाटकरी. इसामु गेल्यापासून या खाचराला पाणी कुणी मागितलं? पाळी कुणी सांभाळली? मालकांनी एकदा तरी मागितलं का? एवढंच सांग. माझ्या बाजूनं बोलू नकोस. जे झालं ते बोल."

हेइसुकेच्या तळहातावर पोळल्याचे फोड होते. तो ते अंगठ्यानं चोळत राहिला.

"योने," तो शेवटी म्हणाला. आवाज इतका बारीक की पुतण्यानं विचारलं, काय? तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "पाणी योनेनं मागितलं. दरवर्षी. खाचर योने कसते. मी पाटकरी आहे, मला माहीत आहे. दार मी बंद केलं होतं, तेही लिहा हवं तर."

एकदा एकानं म्हटल्यावर मागच्यांचे हात वर आले. सगळ्यांचे नाही. एक जण शेवटपर्यंत पायाकडेच बघत होता. पण पुरेसे आले.

हेइसुकेनं खुंटी गुडघ्यावर घेतली, दौतीत कुंचला बुडवला. सवयीनं त्यानं आधी घराण्याचं नाव लिहिलं आणि पुढे इसामुचं पहिलं अक्षर काढायला लागला.

"ते नाही," योने म्हणाली. "तो स्मशानात आहे. माझं लिही."

"बाईचं नाव खुंटीवर?" पुतण्या म्हणाला. "असं कुठे असतं?"

"मागच्या वर्षी निवडणुकीत बाई असून मत दिलं मी. तेव्हा कुठे असतं म्हणून विचारलं नाहीस. कारण तुझ्या काकांना मत हवं होतं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हेइसुकेनं चाकूनं अर्धं अक्षर खरवडलं आणि तिथे 'योने' लिहिलं. शाई ओल्या लाकडात थोडी पसरली. "ठोकून देतो," तो म्हणाला, आणि जरा थांबला. आभार मानेल अशी त्याची अपेक्षा असावी.

"राहू दे. दे इकडे," योने म्हणाली.

तिने खुंटी घेतली, बांधावर रोवली आणि लाकडी हातोड्यानं ठोकायला लागली. पहिल्या घावाला खुंटी तिरकी गेली. तिने ती हलवून उपटली, थुंकी लावून हातोडा पुन्हा पकडला, आणि सगळी समिती उभी असताना सावकाश, एकेक घाव घालत, सरळ ठोकली.